रोजवॉल आणि विम्बल्डनचं बंद दार

सप्टेंबर १९५६. न्यूयॉर्कजवळच्या फॉरेस्ट हिल्सवर अमेरिकन अजिंक्यपदाची अंतिम लढत दोन ऑस्ट्रेलियन पोरांमध्ये होती. दोघंही सिडनीचे, दोघांच्या जन्मात जेमतेम २१ दिवसांचं अंतर, आणि लहानपणापासून दोघं एकमेकांविरुद्ध खेळत आलेले. ल्यू होडने त्या वर्षी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन ही तिन्ही विजेतेपदं घेतली होती. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याने याच मित्राला हरवलं होतं. चौथी स्पर्धा जिंकली असती तर एका वर्षात चारही जिंकणारा तो अमेरिकेच्या डॉन बजनंतरचा दुसराच पुरुष ठरला असता. पहिला सेट त्याने घेतलाही. मग केन रोजवॉलने पुढचे तीन सेट घेऊन त्याचं स्वप्न मोडलं.

रोजवॉल अंगापिंडाने लहानखुरा. वडिलांचं सिडनीत किराणा दुकान होतं आणि टेनिसचे पहिले धडे त्यांनीच दिले. मुलगा मुळात डावखुरा, पण वडिलांनी त्याच्या उजव्या हातात रॅकेट दिली. सर्व्हिसमध्ये त्यामुळे जोर कधी आला नाही. बॅकहँड मात्र असा घडला की चेंडू जाळीवरून सुरीने कापल्यासारखा खाली बसत जायचा.

फॉरेस्ट हिल्स जिंकल्यावर काही महिन्यांतच त्याने जॅक क्रेमरच्या व्यावसायिक ताफ्याशी करार केला. ती सही झाली आणि विम्बल्डनसकट चारही मोठ्या स्पर्धांची दारं त्याच्यासाठी बंद झाली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. दारं पुन्हा उघडली तोवर त्याने तेहतिशी गाठली होती.

हे का घडलं, हे कळायला या स्पर्धा कुणी आणि कुणासाठी सुरू केल्या ते पाहावं लागतं. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. लंडनच्या वर्पल रोडवरच्या क्लबात २२ पुरुष खेळले आणि अंतिम सामना पाहायला एक शिलिंग देऊन सुमारे २०० माणसं आली. अमेरिकेची स्पर्धा १८८१ मध्ये न्यूपोर्ट या श्रीमंतांच्या उन्हाळी ठिकाणी सुरू झाली. फ्रान्सची स्पर्धा १८९१ ची, पण १९२५ पर्यंत ती फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरतीच होती. ऑस्ट्रेलियाची १९०५ ची. चौघींचा पाया एकच होता. खेळ सभ्य माणसाने हौसेसाठी खेळायचा, पोटासाठी नाही. पैसे घेऊन खेळणारा किंवा शिकवणारा म्हणजे क्लबाचा नोकर. त्याने मागच्या दाराने यावं आणि सभासदांना धडे द्यावेत.

‘ग्रँड स्लॅम’ हा शब्द पत्त्यांच्या ब्रिजमधला. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जॅक क्रॉफर्ड तीन स्पर्धा जिंकून चौथीच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा अमेरिकन पत्रकारांनी तो टेनिसला लावला. क्रॉफर्ड हरला, शब्द मात्र राहिला. १९३८ मध्ये बजने चारही स्पर्धा जिंकून त्याला अर्थ दिला आणि वर्ष संपायच्या आतच तोही व्यावसायिक झाला. स्लॅमचा पहिला मानकरी पुढच्या वर्षी एकाही स्लॅम स्पर्धेत नव्हता.

हौशी टेनिस कोणत्या घरांना परवडायचं, याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबईच्या लीला राव. १९३४ मध्ये विम्बल्डनचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आई पंडिता क्षमा राव, संस्कृतातल्या नामवंत लेखिका आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. आईचे वडील शंकर पांडुरंग पंडित, म्हणजे तुकारामगाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते विद्वान. वडील मुंबईतले प्रतिष्ठित डॉक्टर. लीलाबाईंच्या हातात गुण होताच. पण बोटीने विलायतेला जायचं, तिथे राहायचं, खेळायचं, आणि त्यातून एक पैसाही घ्यायचा नाही, हे असल्या घरालाच झेपत होतं. किराणा दुकानदाराच्या मुलाला झेपणारी ती गोष्ट नव्हती.

ज्यांना झेपत नव्हतं त्यांच्यासाठी एक वेगळी वाट १९२६ मध्ये निघाली. त्या वर्षी अमेरिकन आयोजक सी. सी. पाईलने फ्रान्सच्या सुझान लाँग्लेनला ५०,००० डॉलर देऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं. ती विम्बल्डनची सहा वेळची विजेती होती. विम्बल्डन पुन्हा तिच्या वाट्याला आलं नाही. दहा वर्षांनी फ्रेड पेरीने तेच केलं. पेरी मजूर पक्षाच्या खासदाराचा मुलगा. त्याने १९३४ ते १९३६ अशी सलग तीन विम्बल्डन जिंकली होती. व्यावसायिक झाल्यावर क्लबाने त्याचं मानद सभासदत्व काढून घेतलं. आज त्याच क्लबाच्या आवारात त्याचा पुतळा आहे.

त्या वाटेवरचं जगणं कसं होतं? कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचं. ज्या गावी रात्रीचा सामना असेल तिथल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये किंवा आइस हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकून ते अंथरायचं. दोन सामने खेळायचे, कोर्ट गुंडाळायचं आणि रातोरात मोटारीने पुढचं गाव गाठायचं. आपल्या तमाशा फडांचा तंबूचा दौरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल. एकेकदा गर्दी लोटायचीही. २६ डिसेंबर १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये वाहतूक ठप्प करणारं हिमवादळ सुरू असताना जॅक क्रेमर आणि बॉबी रिग्ज यांचा सामना पाहायला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५,११४ लोक बर्फ तुडवत आले होते. पण नेमाने भरणारी स्पर्धा नाही, वर्तमानपत्रात रोजची बातमी नाही. १९५७ मध्ये नवख्या रोजवॉलला ताफ्यातल्या दादा खेळाडूसमोर, पान्चो गोन्झालेससमोर, उभं केलं गेलं. गावोगाव फिरून दोघं ७६ सामने खेळले आणि गोन्झालेस ५०–२६ असा पुढे राहिला. पुढे रोजवॉल त्या जगातला सर्वोत्तम ठरला, पण ते फार थोड्या लोकांना ठाऊक होतं.

याच काळात ‘हौशी’ म्हणवणारे खेळाडू खरंच हौसेवर जगत होते का? नाही, आणि हेच या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. नियमाप्रमाणे फक्त प्रवासखर्च आणि भत्ता घेता यायचा. प्रत्यक्षात नावाजलेला खेळाडू यावा म्हणून आयोजक ‘खर्चा’च्या नावाखाली पाकीट सरकवायचे. खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्या त्यांना पगारावर ठेवायच्या. उघडपणे कमावणारा बाहेर आणि लपून कमावणारा आत, असा हा न्याय होता. विम्बल्डन क्लबाचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी या हौशीपणाला जगत असलेलं खोटं म्हटलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं.

सुधारणेचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पॅरिसच्या बैठकीत खुल्या, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खेळता येईल अशा, स्पर्धांचा ठराव आला. दोन तृतीयांश मतं हवी होती. पाच मतं कमी पडली. या पाच मतांची किंमत पुढची आठ वर्षं खेळाडूंनी चुकवली. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने चारही स्पर्धा जिंकल्या, व्यावसायिक झाला आणि पाच वर्षं दिसेनासा झाला. त्या पोकळीत रॉय इमर्सनने विजेतेपदांचा सपाटा लावला आणि त्याची एकूण संख्या १२ वर गेली. इमर्सन उत्तम खेळाडू होता, त्यात त्याचा काही दोष नाही. पण आजही कोणाची किती विजेतेपदं याचे तक्ते छापून येतात, तेव्हा गोन्झालेसच्या नावापुढे फक्त २ हा आकडा पाहून मला अस्वस्थ वाटतं. जो बहुतेक काळ दाराबाहेर होता त्याला आतल्या मापाने मोजणं योग्य नाही.

दार अखेर आतूनच उघडलं, आणि त्याला हात लावला तो परंपरेचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या विम्बल्डननेच. १ जुलै १९६७ ला बीबीसीने रंगीत प्रक्षेपणाची सुरुवात विम्बल्डनपासून केली. त्याच ऑगस्टमध्ये बीबीसीच्या पाठबळावर सेंटर कोर्टवर आठ व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा भरवण्यात आली. गोन्झालेस आला, होड आला. रोजवॉलने ११ वर्षांनी त्या हिरवळीवर पाऊल ठेवलं. अंतिम फेरीत लेव्हरने त्याला ६–२, ६–२, १२–१० असं हरवलं. प्रेक्षागार भरलं होतं. जुलैतल्या हौशी स्पर्धेपेक्षा हा खेळ वरच्या पट्टीतला आहे, हे घरी टीव्हीसमोर बसलेल्यांनाही कळलं.

दुसरा धक्का अमेरिकेतून आला. टेक्साससारख्या ठिकाणचा पैसा टेनिसकडे वळला होता. लामार हंट आणि डेव्ह डिक्सन यांनी, तसंच जॉर्ज मॅकॉलने, उरलेले मोठे हौशी खेळाडू भराभर करारबद्ध केले. १९६७ चा विम्बल्डन विजेता जॉन न्यूकम गेला, टोनी रोश गेला, इमर्सनही गेला. विम्बल्डनपुढे आता प्रश्न तत्त्वाचा राहिला नव्हता, अस्तित्वाचा होता. १४ डिसेंबर १९६७ ला ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द करायचा ठराव २९५ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. आंतरराष्ट्रीय महासंघाने ब्रिटनला निलंबनाची धमकी दिली. ब्रिटन हललं नाही. अमेरिकाही बाजूने आली आणि ३० मार्च १९६८ ला पॅरिसमध्ये महासंघाने मोजक्या खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. अर्थात तडजोड करूनच. ‘नोंदणीकृत खेळाडू’ नावाचा एक मधला वर्ग तयार झाला. त्याने बक्षिसाचे पैसे घ्यायचे, पण राष्ट्रीय संघटनेच्या ताब्यात राहायचं. ज्यांनी हौशी राहायचं ठरवलं त्यांना मात्र जुनाच भत्ता.

२२ एप्रिल १९६८, सोमवार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बोर्नमथ, थंडगार आणि ओलसर हवा. लालसर भुकटीचं कोर्ट, त्याला तेव्हा इंग्रज ‘हार्ड कोर्ट’ म्हणत. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडणं झाली तो क्षण थोड्याशा प्रेक्षकांसमोर घडला. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक ओवेन डेव्हिडसन आणि ब्रिटनचा हौशी जॉन क्लिफ्टन कोर्टवर उतरले. खुल्या टेनिसच्या इतिहासातला पहिला गुण क्लिफ्टनने घेतला, सामना डेव्हिडसनने.

दोन दिवसांनी खरी खळबळ उडाली. केंब्रिजमध्ये शिकलेला डावखुरा हौशी मार्क कॉक्स चाळिशीला टेकलेल्या गोन्झालेससमोर उभा होता. पहिला सेट तो ०–६ हरला, तिसराही हरला. पण गोन्झालेसला पाच सेटच्या सामन्यांची सवय उरली नव्हती. ताफ्याच्या दौऱ्यात सामने आखूड असायचे. कॉक्सने पाचव्या सेटमध्ये सामना खेचला आणि पुढच्या फेरीत इमर्सनलाही तीन सेटमध्ये उडवलं. व्यावसायिक म्हणजे अजिंक्य, ही समजूत आठवडाभरात मोडली आणि खुल्या टेनिससाठी याहून चांगली जाहिरात दुसरी नव्हती. उपान्त्य फेरीत लेव्हरने कॉक्सला थांबवलं आणि अंतिम फेरीत रोजवॉलने लेव्हरला. पहिल्या खुल्या स्पर्धेचं १,००० पौंडांचं बक्षीस रोजवॉलला मिळालं. महिलांमध्ये व्हर्जिनिया वेड जिंकली. हौशी असल्यामुळे ३०० पौंड तिने घेतले नाहीत.

महिनाभराने पॅरिस, म्हणजे खुली झालेली पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा. पण पॅरिस पेटलेलं होतं. विद्यार्थ्यांचा उठाव आणि देशव्यापी संप चालू होता. आगगाड्या बंद, विमानतळ बंद, पेट्रोल नाही. खेळाडू शेजारच्या देशांत उतरून मिळेल त्या गाडीने आले. आणि नवल हे की रोलाँ गारोसचे बाक ओसंडून वाहिले. कामं बंद, शाळा बंद. लोक सायकलवरून आले, चालत आले. शहरात दगडफेक आणि अश्रुधूर, आणि इकडे तांबड्या मातीवर तिशीच्या आसपासचे दोन ऑस्ट्रेलियन्स आपला हिशेब पूर्ण करत होते. अंतिम फेरीत पुन्हा रोजवॉल आणि लेव्हर. रोजवॉलने ६–३, ६–१, २–६, ६–२ असा सामना घेतला. ही स्पर्धा त्याने याआधी जिंकली होती ती १९५३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी. मधली १५ वर्षं कुठे गेली, हे त्या दिवशी प्रेक्षकांतल्या जुन्या माणसांनी नक्कीच मोजलं असेल.

विम्बल्डनमध्ये त्याला रोशने चौथ्या फेरीतच हरवलं. विजेता ठरला लेव्हर. त्याला २,००० पौंड मिळाले, महिला विजेती बिली जीन किंगला ७५०. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची लढाई त्याच्यावरच झाली.

फॉरेस्ट हिल्सवर जुनी व्यवस्था किती विपरीत होती हे शेवटचं आणि ठळक दिसलं. अंतिम फेरीत अमेरिकन सैन्यातला लेफ्टनंट आर्थर अ‍ॅश, २५ वर्षांचा, समोर हॉलंडचा टॉम ऑकर. पाच सेट, पहिलाच १४–१२. अ‍ॅश जिंकला. अमेरिकेचं पुरुषांचं अजिंक्यपद जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय. विजेत्याचे १४,००० डॉलर मात्र ऑकर घेऊन गेला, कारण तो नोंदणीकृत खेळाडू होता. डेव्हिस कप या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेसाठी अ‍ॅशने हौशी राहणं पसंत केलं होतं. त्याच्या हाती पडला तो दिवसाला २० डॉलर भत्ता.

१९६९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धाही खुली झाली आणि त्या वर्षी लेव्हरने चारही पुन्हा जिंकल्या. ब्रिस्बेनच्या भाजून काढणाऱ्या उन्हात रोशविरुद्धची उपान्त्य लढत ९० गेम चालली. डोकं थंड राहावं म्हणून टोपीत कोबीची ओली पानं ठेवून तो खेळला. त्या वर्षाचा एक प्रसंग आपल्याशी जोडलेला आहे. विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत कलकत्त्याच्या प्रेमजीत लालने लेव्हरचे पहिले दोन सेट घेतले होते. तिसऱ्या सेटमध्ये लेव्हरला सूर सापडला आणि शेवटचे दोन त्याने ६–०, ६–० असे घेतले. तो दिवस थोडा वेगळा गेला असता तर लेव्हरचा दुसरा ग्रँड स्लॅम एका भारतीयाच्या रॅकेटवर अडला असता.

दार उघडलं, पण सगळ्यांसाठी सारखं नाही. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० जाहीर झाले. स्पर्धेचा आयोजक होता जॅक क्रेमर. दाराबाहेरच्या पुरुषांना ज्याने वर्षानुवर्षं काम दिलं, त्यालाच दाराबाहेरच्या बायका दिसल्या नाहीत, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते. बिली जीन किंग, रोझी कझाल्स आणि आणखी सात जणींनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली आणि ह्यूस्टनमध्ये प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी एक-एक डॉलरचा करार करून वेगळी स्पर्धा खेळल्या. बंदीचा धोका पत्करूनच. त्या नऊ जणींत ज्युडी डाल्टन होती, १९६८ च्या विम्बल्डनची उपविजेती. १९७३ मध्ये अमेरिकन ओपनने पुरुष आणि महिला विजेत्यांना समान बक्षीस दिलं. विम्बल्डनने ते द्यायला २००७ उजाडलं. २०२५ मध्ये तिथल्या दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी ३० लाख पौंड मिळाले. १९६८ च्या संपूर्ण स्पर्धेची बक्षिसं मिळून २६,१५० पौंड होती.

पुरुषांच्या खेळात भांडण आता सत्तेचं झालं होतं. खेळाडूंवर हुकूम कोणाचा, महासंघाचा की करार करणाऱ्या कंपनीचा? १९७२ मध्ये हंटच्या करारातल्या खेळाडूंना महासंघाने मोठ्या स्पर्धांतून रोखलं. विम्बल्डन झालं ते गतविजेत्या न्यूकमशिवाय, आणि लेव्हर-रोजवॉलशिवायही. खेळाडूंनी त्याच वर्षी स्वतःची संघटना उभी केली. पुढच्या वर्षी युगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिचला डेव्हिस कप न खेळल्याबद्दल त्याच्या देशाच्या संघटनेने नऊ महिन्यांसाठी निलंबित केलं. महासंघाने बंदी महिन्यावर आणली, पण नेमका तो महिना विम्बल्डनचा होता. ८१ खेळाडूंनी माघार घेतली, त्यांत १६ पैकी १३ मानांकित. यान कोडेश जिंकला. उपान्त्यपूर्व फेरीत त्याला पाच सेटपर्यंत झुंजवलं ते आपल्या विजय अमृतराजने. प्रेक्षक नेहमीसारखेच आले, म्हणून काहींना बहिष्कार फसला असं वाटलं. तसं नव्हतं. कोण कुठे खेळणार हे खेळाडूला विचारल्याशिवाय ठरणार नाही, एवढं त्या पंधरवड्यात पक्कं झालं.

माघार घेणाऱ्यांत रोजवॉलही होता. १९५७ ते १९६७ ची अकरा वर्षं आणि ही दोन, अशी तेरा विम्बल्डन त्याची गेली. मधल्या काळात त्याने अमेरिकन ओपन जिंकलं, १९७२ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकलं. विम्बल्डन तेवढं राहिलं होतं. १९५४ आणि १९५६ मध्ये तो अंतिम फेरीत हरला होता, १९७० मध्ये न्यूकमकडून पाच सेटमध्ये हरला होता.

१९७४ मध्ये ३९ वर्षांचा रोजवॉल पुन्हा आला. उपान्त्यपूर्व फेरीत त्याने न्यूकमला काढलं. उपान्त्य फेरीत स्टॅन स्मिथविरुद्ध दोन सेट मागे पडून, तिसऱ्या सेटचा टायब्रेक कसाबसा वाचवून, पाचव्यात सामना घेतला. सेंटर कोर्ट उभं राहून त्याच्यासाठी ओरडत होतं. अंतिम फेरीत समोर होता २१ वर्षांचा जिमी कॉनर्स. त्याच्या परतीच्या फटक्यांपुढे रोजवॉलच्या हळू सर्व्हिसचा टिकाव लागेना. ६–१, ६–१, ६–४. सामना दीड तासाच्या आसपास संपला. रोजवॉलने जाळीपाशी जाऊन हात मिळवला. त्याने पहिली विम्बल्डन अंतिम लढत खेळली, तेव्हा कॉनर्स दोन वर्षांचाही झाला नव्हता.